सासूबाईंचा खुबा बदललाय. टाके निघाले की रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवल्या तर चालतं का?

नाही चालत. टाके कातडीला असतात, गुठळी होते पायाच्या खोल शिरेत. माझ्या थोरल्या भावाला हे आजही पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आईचा खुबा बदलला तेव्हा रिव्हरॉक्साबान (रक्त पातळ करायची गोळी) १० मिलिग्रॅम, रोज एक, ३५ दिवस, असं डिस्चार्ज कार्डावर स्वच्छ लिहिलं होतं. टाके काढून आणल्यावर दादा म्हणाला, "जखम भरली, आता या वयात रक्त कशाला पातळ करायचं? आतल्या आत रक्तस्राव झाला म्हणजे?" घरात त्याचा शब्द चालतो. गोळी बंद झाली. मी पुण्याहून फोनवर भांडलो, उपयोग शून्य. त्यात आत्याचं पालुपद, "महिनाभर हलू नकोस गं." आई दिवसभर पलंगावर.

मी गावी पोचलो तर पोटरी सुजून दगडासारखी झालेली. आत्याच्या मते तो वात, आणि तेल लावून चोळायला बाईसुद्धा बोलावलेली. त्या बाईंना मी दारातूनच परत पाठवलं. चोळताना गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. आईला तडक सांगलीला नेलं, डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केली. गुठळी मांडीच्या शिरेपर्यंत चढली होती. मग तेच औषध १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा २१ दिवस, पुढे २० मिलिग्रॅम रोज, एकूण तीन महिने. रोजची एक छोटी गोळी नको म्हणून हे एवढं औषध पोटात गेलं. दादा अजून म्हणतो, गाडीच्या प्रवासानं झालं. आत्या माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

तुमच्या सासूबाईंचं म्हणाल तर खुब्याला साधारण ३५ दिवस, गुडघ्याला १४च्या आसपास. काही सर्जन आधी पोटात इंजेक्शन देतात आणि नंतर ॲस्पिरिनवर आणतात, तेही चालतं. पण ते त्यांनी ठरवायचं, घरच्यांनी नव्हे. ऑस्ट्रेलियात खुबा किंवा गुडघा बदललेल्या नऊ हजारांहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, २०२२ साली तिचे निकाल आले. तिच्यात नुसत्या ॲस्पिरिनवर ठेवलेल्यांपैकी ३.४५ टक्के रुग्णांना ९० दिवसांत गुठळीचा त्रास झाला, एनॉक्सापॅरिनच्या (रक्त पातळ करणाऱ्या) इंजेक्शनवर १.८२ टक्के. आणि सासूबाईंना वॉकर धरून चालवा. बसल्या-झोपल्या पावलं वरखाली करायला लावा. "आराम करा" म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा देऊन वाटेला लावा.

किडनी अधू असेल, अल्सर असेल, आधी कधी गुठळी झाली असेल तर औषध, डोस, दिवस सगळंच बदलतं. माझे आकडे धरून बसू नका. या गोळ्या चालू असताना मेडिकलमधून परस्पर दुखण्याची गोळी आणू नका, रक्तस्राव खरंच वाढतो. भीती वाटत असेल तर सर्जनला फोन करा, पण गोळी चालू ठेवून. काळी शी झाली किंवा रक्त थांबेना तर मात्र लगेच दवाखाना. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर डॉपलरच्या नंबरची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.