संत्रा आंबट निघाला, दोष कलमाचा का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी प्रश्न बरेच आले आणि गंमत म्हणजे सगळे फिरून फिरून एकाच जागी येतात, "हे रक्तातलंच आहे का हवापाण्यामुळे?" एकेक घेते.

प्रश्न: काटोलजवळ आमची बाग आहे. मी आणि शेजाऱ्यानं एकाच नर्सरीतून एकाच दिवशी कलमं आणली. त्याचा माल केशरी अन् गोड, माझा हिरवट अन् आंबट. नर्सरीवाल्यानं फसवलं का?

उत्तर: फसवलंच असेल तर खुंटात असेल, डोळ्यात असायची शक्यता कमी. नागपुरी संत्र्याचं कलम म्हणजे खाली जंबेरीचा नाहीतर रंगपूर लिंबाचा खुंट आणि त्यावर भरलेला संत्र्याचा डोळा, डोळे एकाच मातृवृक्षाचे असतील तर तुमची झाडं आणि शेजाऱ्याची झाडं जुळी भावंडंच म्हणा ना. संत्र्याचं तर आणखी एक नवल, नुसती बी लावली तरी बहुतेक रोपं आईची हुबेहूब नक्कल निघतात, कारण एका बीत अनेक गर्भ असतात आणि त्यातले बरेचसे बापाचा हिस्सा नसलेले, आईच्याच पेशींतून झालेले.

मग फरक आला कुठून? आधी सांगा बहार कोणता घेतला, म्हणजे कोणत्या हंगामाची फुलं धरली. मृगाचा माल फेब्रुवारी-मार्चात येतो म्हणजे पूर्ण थंडी खाऊन येतो, आंबियाचा दिवाळीच्या आसपास. सालीतला हिरवा रंग जाऊन केशरी चढायला गार रात्री लागतात, त्या नाही मिळाल्या तर आतून पिकलेल्या फळाची सालही हिरवीच राहते. आंबटपणा म्हणाल तर फळ झाडावर किती दिवस राहिलं, जमीन किती खोल, खाली चुनखडी आहे का, पाणी साचतं का, ताण (फुलं यावीत म्हणून झाडाचं पाणी तोडणं) नीट बसला का, हे सगळं त्यात येतं आणि खुंट वेगळा असेल तर तोही. नर्सरीवाल्याशी भांडायच्या आधी माती तपासून घ्या, खोलवरची, वरची वीतभर नाही.

प्रश्न: आमच्या दोन्ही लेकरांना सिकलसेल आहे, दोघंही एसएस. मोठा वर्षातून दोन-तीनदा ॲडमिट होतो, लहानीला वर्षभर काही होत नाही. आजार एकच, मग असं काहून? (उत्तर नागपूर)

उत्तर: यावेळचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. सिकलसेलमधला बिघाड एवढासा आहे की विश्वास बसत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं, त्यातलं सहावं बदललं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन आलं, बस. एसएस म्हणजे हा बदल आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोन्हीकडून आलेला, तो तुमच्या दोन्ही लेकरांत अगदी तोच. पण ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखं होतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते, ते किती होणार हे बाकीच्या गोष्टींवर असतं.

बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला एचबीएफ म्हणतात. काहींच्या रक्तात ते मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं आणि ही चिकटाचिकटी अडवतं, किती टिकणार ते बऱ्याच अंशी दुसरेच जीन्स ठरवतात आणि सख्ख्या भावंडांतही ते वेगळे येऊ शकतात. हायड्रॉक्सीयुरियाचं औषध मुख्यतः हे एचबीएफच वाढवतं. आणि मग आपलं नागपूर! मे महिना, 45 डिग्री, पोरगा भर उन्हात क्रिकेट खेळून राहिला, पाण्याचा घोट नाही, अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशीतलंही होतं, आतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि मग चिकटायला वेळ लागत नाही. ताप, इन्फेक्शन, घामेजल्या अंगानं एकदम कूलरसमोर बसणं, हेही त्यातलंच. मोठा कधी कधी ॲडमिट झाला त्या तारखा वहीत लिहून काढा, आदल्या दोन दिवसांत काय झालं होतं तेही लिहा, आणि दोघांचं एचबीएफ किती ते डॉक्टरांना विचारा. लहानी बरी दिसते म्हणून तिची तपासणी सोडू नका हो बाप्पा.

लग्नाचं विचारणारेही दोघं-तिघं आहेत. दोघंही एएस, म्हणजे हा बदल एकाच पालकाकडून आलेले, असतील तर दर गरोदरपणात एसएस मूल व्हायची शक्यता 25 टक्के. पहिलं एसएस झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. आणि एएस म्हणजे कमीपणा नाही, उलट मलेरियाच्या मुलखात एएस लेकरं जीवघेण्या मलेरियातून जास्त वाचली म्हणून तर हा जीन इतक्या पिढ्या टिकला.

प्रश्न: मी 5 फूट 1, हे 5 फूट 4. मुलगा 14 वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका. उंची 80 टक्के जीन्सवर असते म्हणतात, मग पावडर देऊन फायदा आहे का? (महाल)

उत्तर: हा 80 टक्क्यांचा घोळ माझ्यासारख्या मास्तरणींनीच घातला. मी फळ्यावर "उंची: 80 टक्के जीन्स" लिहून मोकळी व्हायची आणि पोरं घरी जाऊन सांगायची, पाच फुटांतले चार आईबाबांचे, एक जेवणाचा! तसं नाही ते. खात्यापित्या समाजात माणसामाणसांच्या उंचीत जो *फरक* दिसतो, त्यातला साधारण तेवढा जीन्समधल्या फरकामुळे असतो, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या एकट्या मुलाची अशी वाटणी करताच येत नाही, तर्रीचा झणका तिखटाचा किती टक्के आणि उकळीचा किती असं विचारल्यासारखं होईल. डच लोक बघा, 19व्या शतकाच्या मध्याला तिथले पुरुष सरासरी 165 सेंमीच्या आसपास, आज 183 च्या आसपास. जीन्स दीडशे वर्षांत एवढे पालटत नाहीत, पालटलं ते मुख्यतः जेवण, दूध आणि लहानपणीची आजारपणं.

पावडरचे पैसे अंड्यांवर अन् डाळीवर घाला. उंचीची तुलना वर्गाशी नको, त्याच्याच मागच्या वर्षीच्या उंचीशी करा, वर्षभरात 4 सेंमीही वाढला नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. काही पोरं उशिरा वाढतात.

प्रश्न: आमची सयामी मांजर पिल्लू असताना पांढरीशुभ्र होती, आता कान, पाय, शेपटी काळी. ऑपरेशनला पोटावरचे केस काढले तिथेही गडद केस आलेत. इन्फेक्शन का? (धरमपेठ)

उत्तर: नाही, ही तर तुमच्या घरातलीच प्रयोगशाळा आहे. रंग बनवणारं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम या मांजरींत थोडं बिघडलेलं असतं, अंगाच्या गरम भागात ते कामच करत नाही, गार भागात करतं. आईच्या पोटात ऊब, म्हणून पिल्लू पांढरं. केस काढलेली जागा गार पडली, म्हणून तिथे काळं. पुढच्या वेळी केस झडून आले की बहुतेक पूर्ववत होतील. बाईसाहेब दिवसभर एसीत लोळत असतील तर मात्र रंग आणखी चढेल.

प्रश्न: ताडोब्यातला काळा बिबट्या वेगळी जात आहे का? दाट जंगलात राहून काळा झाला म्हणतात.

उत्तर: जात तीच. बिबट्यात काळेपणाचा जीन आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून यावा लागतो, त्यामुळे साध्या ठिपकेवाल्या जोडीलाही काळं पिल्लू होऊ शकतं. जंगलाच्या सावलीनं कोणी काळं होत नाही. आणि ठिपके त्यालाही असतात बरं का, तिरपं ऊन पडलं की दिसतात, तेव्हा दिसलाच कधी तर जिप्सीवाल्याला जरा उजेडाच्या बाजूला घ्यायला सांगा.