मेटॉनिमी की सिनेक्डकी?

प्रश्न असा आहे: इंग्रजी साहित्यातल्या 'मेटॉनिमी' आणि 'सिनेक्डकी' यांत नेमका फरक काय? आणि शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनी लोकांना 'लेंड मी युअर इअर्स' ('मला तुमचे कान द्या') म्हणतो, ते यांपैकी कशात बसतं?

दोन्हींत नाव एकाचं घेतात आणि सुचवतात दुसरंच. अंशावरून पूर्ण किंवा पूर्णावरून अंश सुचवला तर सिनेक्डकी; दोहोंत नुसता संबंध असेल तर मेटॉनिमी. जहाजावर 'ऑल हँड्स ऑन डेक' अशी हाक येते तेव्हा हात म्हणजे खलाशी. हात खलाशाचाच अवयव, म्हणून सिनेक्डकी. 'इंग्लंड जिंकलं' म्हणताना देश म्हणजे संघ, तीही सिनेक्डकीच. 'द क्राउन' म्हणजे राजसत्ता. मुकुट राजा घालतो, पण तो काही राजाचा अंश नव्हे, म्हणून मेटॉनिमी.

१६११ च्या किंग जेम्स बायबलात, उत्पत्तीच्या पुस्तकात, दोन्ही एकाच वाक्यात सापडतात: 'इन द स्वेट ऑफ दाय फेस शाल्ट दाउ ईट ब्रेड', म्हणजे 'चेहऱ्यावर घाम गाळून तू भाकर खाशील'. घाम हा कष्टाचा परिणाम, म्हणून मेटॉनिमी. भाकर हा अन्नाचा एक प्रकार, पण इथे ती सगळ्या अन्नासाठी आली आहे, म्हणून सिनेक्डकी.

आता अँटनीचे कान. कान शरीराचा भाग, तेव्हा सिनेक्डकी, असं पटकन वाटतं. पण इथे कान म्हणजे माणूस नव्हे, कान म्हणजे लक्ष. साधनावरून क्रिया सुचवली आहे, म्हणून मी याला मेटॉनिमीच म्हणेन.

आपल्याकडे हे दोन्ही प्रकार लक्षणेत, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्यात येतात, आणि तिथली चर्चा मला जास्त खोल वाटते. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'तलं 'गंगायां घोषः' हे उदाहरण घ्या. गंगेच्या प्रवाहात गवळ्यांची वस्ती असणार नाही, म्हणून 'गंगेच्या काठावर' असा अर्थ लावायचा. पण मग सरळ 'काठावर' का म्हटलं नाही? कारण गंगेचं नाव घेतलं की तिचा गारवा आणि पावित्र्य त्या वस्तीला लाभतं. हेच त्या लक्षणेचं प्रयोजन. इंग्रजी उदाहरणांनाही हा प्रश्न जरूर विचारावा: हेच नाव का निवडलं? जहाजावर दोर ओढायचे असतात, म्हणून तिथे हातांनाच हाक जाते. आपणही उत्पन्न मोजताना 'दरडोई' म्हणतो, पण घरचा हिशेब सांगताना 'खाणारी तोंडं सहा आणि कमावते हात दोन'.