पांढरा थर आलाय ना, मग युरिया थांबवा आधी

दादा, अथणीकडचं (कर्नाटक, बेळगाव जिल्हा) रान, ऊस पिवळा, वरंब्यावर पांढरा थर (म्हणजे क्षार) आणि तुम्ही विचारताय अजून किती पोती युरिया टाकू. वाचून माझंच सहा वर्षांपूर्वीचं रान डोळ्यापुढं आलं. एक पोतं पण टाकू नका.

ठिबक, शेणखत, ताग हे सगळे सांगतीलच, मी माझी चूक सांगतो. माझ्याकडं मृदा आरोग्य पत्रिका (माती तपासणीचं सरकारी कार्ड) होती, त्यात क्षारता नॉर्मल, म्हणून मी बिनधास्त. नंतर कळलं की तेव्हा बागायतीत २.५ हेक्टरला मिळून एकच नमुना घ्यायचे. तो काढला होता वरच्या अंगाच्या दुसऱ्याच रानातून, माझं रान खाली ओढ्याकडं, पण कार्ड माझ्या नावावर! ऑफिसात (नाव नको) चार हेलपाटे घातले, कधी साहेब मीटिंगला तर कधी फॉर्म कन्नडमध्ये भरून आणा. शेवटी एकजण म्हणाला जिप्सम टाका, टाकला, दोन एकराचे पैसे मातीत.

जिप्सम चालतो चोपण जमिनीला, म्हणजे सोडियम जास्त, सामू (पीएच) ८.५ च्या वर, पाऊस पडला की पाणी वरच तुंबतं. माझी होती नुसती क्षारपड, म्हणजे क्षार साठलेली. तिथं क्षार पाण्याबरोबर खाली धुवून बाहेर काढावे लागतात, आणि चर (पाणी बाहेर काढायची नाली) नसेल तर पाणी जाणार कुठं? तुमची कुठली ते स्वतःच्या रानाचा नमुना देऊनच ठरवा. मी काही तज्ज्ञ नाही, चुकलो तर जाणकारांनी सांगावं.

खरं दुखणं पाण्याचं आहे (राग आला तर येऊ द्या). १० एचपीपर्यंत वीज फुकट, थ्री फेज येते रात्री, आपण मोटर चालू करून झोपतो, जादा पाणी रानात मुरतं, त्यानं जमिनीखालचं पाणी वर चढतं, उन्हानं उडतं आणि क्षार वर राहतात. पंजाबात फुकट विजेनं उपसून उपसून जमिनीखालचं पाणी खोल गेलं, आपल्याकडं कालव्याच्या पट्ट्यात ते वर आलं, एवढाच फरक. खाली कमेंटमध्ये कुणीतरी लिहिलंय रासायनिक खत एकदम बंद करा, श्रीलंकेनं २०२१ मध्ये तेच केलं आणि काही महिन्यांतच मागं घ्यावं लागलं, त्यामुळं सांभाळून.

पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवू नका, सरीत पसरा, उन्हानं क्षार वर येणं कमी होतं. आणि चर मारायच्या आधी खालच्या शेजाऱ्याशी बोलून घ्या, पाणी त्याच्याच बांधावरून जाणार, माझं तिथंच आठ महिने अडलं होतं.