लिस्बनला एकच दिवस मिळाला तर

तुम्ही विचारलंय की लिस्बनमध्ये सकाळी ९ ते रात्री १० एवढाच वेळ आहे, नवरा-बायको दोघंच, बायको शाकाहारी पण अंडं खाते, तर काय बघावं आणि कुठे जेवावं. आम्ही दोघं दोनदा जाऊन आलोय, त्यावरून सांगतो.

लिस्बनजवळचं राजवाड्यांचं गाव सिंत्रा त्याच दिवसात कोंबू नका. सकाळ नदीकाठच्या बेलें भागाला द्या आणि दुपारपासून आल्फामा या जुन्या वस्तीत पायी फिरा, बस. मेट्रो, बस, ट्राम सगळ्याला चालणारा २४ तासांचा पास काढा आणि १५ई ट्रामने थेट बेलें गाठा. सोमवार मात्र टाळा, बेलेंतला जेरोनिमुश मठ बंद असतो.

या मठाचं बांधकाम १५०१ साली सुरू झालं, आणि पैसा आला तो पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मिरीतूनही. आत वास्को द गामाची समाधी आहे. तो वारला १५२४ मध्ये कोचीला, अवशेष नंतर इकडे आणले. शाळेच्या पुस्तकातला माणूस असा दगडात आडवा पडलेला बघून आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. कोरीवकामात जहाजाचे दोरखंड शोधा, खांबाखांबावर सापडतात.

जवळच १८३७ पासूनचं पास्तेइश द बेलेंचं दुकान आहे. बाहेरची रांग बहुतेक पार्सलची असते, आत बसायला भरपूर जागा आहे. ताटलीत कोमट पेस्ट्री येते, वर करपल्याचे काळे डाग. दालचिनी आणि पिठीसाखर आपणच भुरभुरायची. दात लावला की पापुद्रे कुरकुरतात आणि आतलं अंड्याचं कस्टर्ड अजून थरथरत असतं. दोघांत चार मागवा, दोन पुरत नाहीत.

जेवण दुपारी एकच्या सुमारास, 'प्रातु दु दिया' म्हणजे आजचं ताट लिहिलेल्या साध्या खाणावळीत. पाव आणि ऑलिव्ह न मागता समोर येतात, खाल्ले तर पैसे लागतात. नको असतील तर लगेच परत द्या, कुणी रागावत नाही. बायकोसाठी 'पेशिन्युश द ओर्ता' मागवा: फरसबी पिठात बुडवून तळलेली, आपली भजीच. काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप, पण त्यात सॉसेजची चकती असते, तेव्हा 'सें शोरिसु' म्हणजे सॉसेजशिवाय, असं आधीच सांगा. गोव्याच्या चोरीसचं नाव यावरूनच. 'बटाटा' मात्र तिथेही बटाटाच, हे ऐकून माझ्या बायकोला इतका आनंद झाला की तिने वेटरला 'पाव', 'साबण', 'चावी' हे पोर्तुगीजातून आलेले आपले शब्द एकेक म्हणून दाखवले.

१ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, मग लाटेत आणि आगीत शहर उद्ध्वस्त झालं. बायशा या शहराच्या मधल्या भागाचे सरळ रस्ते त्यानंतरचे. कार्मूचं छप्पर उडालेलं चर्च तसंच ठेवलंय, ते चुकवू नका. आल्फामा बरंचसं वाचलं, म्हणून तिथले बोळ अजून वेडेवाकडे. त्या बोळांतून चढत पोर्ताश दु सोल आणि पुढे सेन्योरा दु मोंत या शहर दिसणाऱ्या उंच जागांवर सूर्यास्ताआधी पोहोचा. फरसबंदी फार गुळगुळीत आहे, पकड असलेले बूट घाला. आदल्या वर्षी माझी बायको तिथेच घसरून गुडघा फोडून बसली होती.

सगळे सांगतात ती २८ नंबरची ट्राम दिवसा घेऊ नका, तासभर रांगेत जातो. रात्री जेवण झाल्यावर बसा. तेव्हा खिडकीची जागा मिळते, आणि गाडी घरांच्या इतक्या जवळून जाते की आतला टीव्ही दिसतो.