विहार आणि चर्च: बोलणं कुठून सुरू करावं?

प्रश्न: आमच्या गावात (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) बौद्ध विहार आहे आणि थोडी ख्रिस्ती घरंही आहेत. 'खरा देशभक्त अमुकच धर्माचा' असे संदेश मोबाइलवर फिरतात, पोरं त्यावरून भांडतात. दोन्ही समाजांनी एकत्र बसावं असं वाटतं. कसं जमवावं?
— एक वाचक

उत्तर: 'सगळे धर्म सारखेच' असं म्हणून सुरुवात करू नका. ख्रिस्ती निर्माता ईश्वर मानतात, बौद्ध मानत नाहीत. हे झाकलं की कुणीतरी दुखावतंच. म्हणून एकत्र प्रार्थना किंवा त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याचं पठण) नको. दोन मिनिटं शांत बसा, ते सगळ्यांना जमतं.

पहिला विषय आपापल्या धर्माच्या चुकीचा घ्या. जर्मनीत 'जर्मन ख्रिस्ती' गटानं चर्च हिटलरच्या दावणीला बांधलं. त्याला विरोध करणाऱ्यांनी 1934 मध्ये बार्मेन इथे जाहीरनामा काढला. जपानमध्ये झेन या बौद्ध परंपरेतल्या पंथांनी देशाच्या युद्धाला साथ दिली. त्यांतल्याच सोतो पंथानं 1992 मध्ये त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. म्यानमारमध्ये तर काही भिक्खूंनीच मुसलमानांविरुद्ध द्वेष पेरला. मात्र जर्मनीवर ख्रिश्चनांनीच बोलावं, जपान-म्यानमारवर बौद्धांनी. उलट केलं की संवाद राहत नाही, खटला होतो.

पुढच्या वेळी धम्मपदातली पाचवी गाथा आणि बायबलमधलं मत्तय 5:44 हे वचन शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत वैऱ्याशी कसं वागावं हेच आहे. सोबत बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण घ्या: राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यात आहे. आपल्या भागात या भाषणावर माणसं मोकळेपणानं बोलतात.

दोन्हीकडून पाच-पाच माणसं, त्यांत निदान दोन-दोन बाया, वेळ दीड तास. एकदा विहारात, एकदा चर्चमध्ये. कापूस वेचणी आटोपल्यावर बसा. वर्षावासात (पावसाळ्याच्या तीन महिन्यांत) संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, ती वेळ टाळा. बॅनर नको, पुढारी नको, व्हिडिओ तर नकोच, कारण त्याचा कापलेला तुकडाच गावभर फिरतो. एकमेकांना धर्मांतराचं निमंत्रण द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

एक गोष्ट नक्की अडेल: आरक्षण. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार ठरणाऱ्या अनुसूचित जातींच्या सवलती 1990 पासून बौद्धांनाही मिळतात, दलित ख्रिश्चनांना नाहीत. ही सल खरी आहे. चहाच्या घोटासोबत ती उरकू नका. एक अख्खी बैठक द्या, आणि त्या दिवशी आधी ख्रिस्ती बाजूचं पूर्ण ऐकून घ्या.