औषधं पुण्याहून येतात, मग पार्ट डी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ७१ वर्षांचे, ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत पाच वर्षं झाली, मेडिकेअरचा (अमेरिकन सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, नुकताच घेतलाय. डायबेटिस, बीपी आणि रक्त पातळ ठेवायची गोळी पुण्याहून येते. मग औषधांच्या विम्याचा, म्हणजे पार्ट डीचा, वेगळा हप्ता कशाला भरायचा?

भराच. पुण्याहून आणलेली औषधं मेडिकेअरच्या हिशेबी विमा नव्हेत. पार्ट डी घ्यायची पहिली मुदत उलटून गेल्यावर सलग ६३ दिवस मेडिकेअरला मान्य असा औषधांचा विमा नसेल तर दंड लागतो: विम्याविना गेलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्याला सरकारी मूळ हप्त्याच्या १ टक्का. २०२६ मध्ये तो मूळ हप्ता ३८.९९ डॉलर आहे. २० महिने गेले असतील तर दरमहा ७.८० डॉलर जादा, आणि तेही पार्ट डी आहे तोवर. पण मला दंडापेक्षा वाट पाहण्याची काळजी जास्त वाटते. फेब्रुवारीत एखादं महागडं औषध सुरू झालं, तर सहसा १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळातच पार्ट डीचा प्लॅन घेता येतो आणि तो लागू होतो १ जानेवारीला. मधले सगळे महिने पूर्ण किंमत खिशातून.

प्लॅन निवडताना हप्ता शेवटी बघा. मेडिकेअर डॉट गव्हवर औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, महिन्याला किती गोळ्या आणि घराजवळच्या फार्मसी भरा, मग हप्ता आणि औषधं मिळून वर्षाचा खर्च कमी ते जास्त असा लावून बघा. हे करताना पुण्याची स्ट्रिप समोर धरलीत तर अडकाल. व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, व्होग्लिबोज ही औषधं अमेरिकेत विकलीच जात नाहीत, तेव्हा यादीत सापडणार कुठून! दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळीही इथे बहुधा सुटी लिहावी लागते. म्हणून आधी इथल्या डॉक्टरांकडून इथली औषधं लिहून घ्या आणि मगच प्लॅन शोधा.

खर्चाचा अंदाज देतो. समजा डॉक्टरांनी एलिक्विस (रक्त पातळ ठेवणारी) आणि जानुविया (डायबेटिसची) लिहून दिली. सरकारने घासाघीस करून ठरवलेले २०२६ चे महिन्याचे दर अनुक्रमे २३१ आणि ११३ डॉलर, म्हणजे वर्षाचे ४,१२८. नेहमीच्या नियमाने पहिले ६१५ डॉलर पूर्ण तुमचे (डिडक्टिबल), पुढे २५ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १,४९३ अधिक हप्ता. कितीही औषधं लागली तरी प्लॅनच्या यादीतल्या औषधांवरचा तुमचा वाटा २,१०० डॉलरला थांबतो. जानेवारी-फेब्रुवारीत डिडक्टिबलमुळे बिल अंगावर येतं. ते महिन्यांवर विभागून द्यायची सोय आहे, पण ती प्लॅनला सांगून मागावी लागते. उत्पन्न आणि बचत कमी असेल तर सोशल सिक्युरिटी या सरकारी कार्यालयाकडे ‘एक्स्ट्रा हेल्प’चा, म्हणजे औषधांच्या खर्चासाठीच्या सरकारी मदतीचा, अर्ज नक्की करा.

यादीत औषध दिसलं तरी त्यापुढच्या खुणा वाचा: आधी परवानगी, आधी स्वस्त औषध घेऊन बघायची अट, गोळ्यांची मर्यादा. फार्मसीत नकार मिळाला तर तसेच परतू नका. नवीन प्लॅनच्या पहिल्या ९० दिवसांत चालू औषधाचा एक महिन्याचा तात्पुरता पुरवठा मागता येतो. तेवढ्यात डॉक्टरांकडून अपवादाचा अर्ज करवून घ्या. डॉक्टरांचं कारणपत्र पोचल्यापासून ७२ तासांत, तातडी असेल तर २४ तासांत प्लॅनला उत्तर द्यावं लागतं.

बाबा दर हिवाळ्यात पुण्याला जाणार असतील तर लक्षात ठेवा: तिथे घेतलेल्या औषधांना पार्ट डी पैसे देत नाही आणि तो खर्च २,१०० मध्येही धरला जात नाही. निघण्याआधी प्लॅनला फोन करून प्रवासासाठी जादा पुरवठा मिळेल का ते विचारा. ॲडव्हान्टेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास नाव कमी होऊ शकतं.

सप्टेंबरअखेर प्लॅनचं बदलांचं पत्र येतं, ते जपून ठेवा. राज्याच्या ‘शिप’ या मेडिकेअर सल्ला केंद्रात ते आणि औषधांची यादी घेऊन गेलात तर फुकट मार्गदर्शन मिळतं.