हॉप्सची फुलं ओली घालावीत की वाळवून?

प्रश्न: मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगा अमेरिकेत, ओरेगनमध्ये पोर्टलंडजवळ राहतो. त्याच्या परसात हॉप्सचे (ज्याच्या फुलांनी बिअरला कडूपणा आणि वास येतो त्या वेलाचे) दोन वेल आहेत, जात कॅस्केड. यंदा तिसरं वर्ष, वेल फुलांनी लगडलेत. तो घरी बिअर करतो. फुलं ओली घालावीत की वाळवून, आणि किती? शिवाय, हे पीक आपल्या मांडवावर येईल का?

उत्तर: दादा, आधी मुलाचं बघू. घरच्या फुलांत कडूपणा किती, हे चव घेऊन कळत नाही, ही त्याची खरी अडचण. हॉप्सचं फूल सोललं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट भुकटी दिसते. तिच्यातली अल्फा आम्लं उकळताना बदलतात आणि बिअर कडू होते. दुकानच्या पाकिटावर त्यांचं प्रमाण छापलेलं असतं. कॅस्केडमध्ये ते साधारण 4.5 ते 7 टक्के, म्हणजे एकाच जातीत दीडपट फरक. म्हणून कडूपणासाठी तासभर उकळायचे हॉप्स विकतचे घ्यावेत आणि घरची फुलं शेवटच्या पाच-दहा मिनिटांत, वासासाठी घालावीत. तिथे अंदाज चुकला तरी घाणा, म्हणजे एका वेळची बिअर, वाया जात नाही.

ओल्या फुलात 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कृतीत 30 ग्रॅम वाळलेले लिहिले असतील तर ओली 120 ते 150 ग्रॅम लागतील. तोडल्यावर ती 24 तासांच्या आत वापरावीत. पिशवीत कोंबली तर कापलेल्या गवताच्या ढिगासारखी आतून तापतात.

एका घाण्याला दोन वेलांची सगळी फुलं लागणार नाहीत, तेव्हा उरलेली वाळवावीच लागतील. बेदाणा तुम्हाला नवीन नाही. तसंच जाळीवर पातळ पसरायचं, सावलीत, पंख्याखाली. ऊन नको, आणि यंत्रात वाळवली तर 60 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका, वास उडतो. वाळली की नाही हे वरून कळत नाही. पाकळी आधी कुरकुरीत होते, मधला दांडा ओलाच राहतो. तो वाकला तर अजून वाळू द्यायचं, कट्‌कन मोडला तर झालं. काट्यावर बघायचं तर 100 ग्रॅम ओली फुलं वेगळ्या ताटलीत ठेवा, ती 22 ग्रॅमपर्यंत आली की पुरे. मग हवा काढलेल्या पिशवीत भरून फ्रीजरमध्ये. उघडी राहिली तर जुन्या चीजसारखा वास मारतात.

त्या वेलावरही डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचेच रोग येतात. फवारणी केली असेल तर लेबलवरचा पीएचआय (शेवटची फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस) पाळायला सांगा, निर्यातीच्या द्राक्षाला आपण पाळतो तसाच. घरात कुत्रा असेल तर वापरलेला चोथा उघड्यावर टाकू नये. हॉप्स खाल्ल्यानं कुत्र्याला जिवघेणा ताप चढतो.

आता तुमच्या मांडवाचं. लावू नका. या वेलाला हिवाळ्यात कडक थंडीची झोप लागते आणि वाढीच्या काळात लांब दिवस. पोर्टलंडला जूनमध्ये साडेपंधरा तासांहून मोठा दिवस असतो. नाशिकला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. दिवस आखूड असला की वेल उंच जायच्या आधीच फुलतो. माझ्याकडे एकजण असंच रोप दाखवायला घेऊन आले होते, कमरेइतका वेल आणि टोकाला मोजून सहा फुलं. देशात हॉप्स पिकतात ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात, केलांगच्या बाजूला, 3,000 मीटर उंचीवर. परदेशात कृत्रिम दिव्यांखाली घेतात, पण तो खर्च आपल्या हिशेबात बसत नाही. जुन्या मांडवावर काही चढवायचंच असेल तर कारलं किंवा दोडका घ्या.

आणि इथे घरी बिअर करायचा विचार असेल तर तोही सोडा. 1949च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती करता येत नाही. मुलाला तिकडे मुभा आहे: एका प्रौढाच्या घरात वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200. विकायची मात्र नाही.

तिकडची तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, म्हणजे तुमच्या गोडी छाटणीच्या (द्राक्षाच्या फळासाठीच्या छाटणीच्या) आधी. तेव्हा जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट न्या. वेलाच्या खोडावर बारीक कुसं असतात, उघड्या हातावर ओरखडे उठून दिवसभर खाज सुटते.